खिडकी बंद, कॅफे चालू

म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूरची ख्याती मेंढ्यांची, संगणकाची नव्हे. पण अशा गावांतले इंटरनेट कॅफे आता गप्पांचे अड्डे उरलेले नाहीत. तिथे कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलचे अर्ज भरले जातात, निकालांच्या प्रती निघतात. ही सारी कामे ब्राउझरमधली. मग चोरीच्या विंडोजचा हट्ट कशाला? विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि बऱ्याच जुन्या यंत्रांना विंडोज ११ पेलत नाही. चार जीबी रॅमच्या त्याच डब्यावर लिनक्स मिंट निमूट चालते. परवान्याला छदामही लागत नाही. केरळच्या शाळांनी ही वाट २००० च्या दशकातच धरली.

अडचण आहे, ती नाकारू नये. जुन्या, युनिकोडपूर्व कन्नड फाँटमधल्या फायली आणि अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर, इथेच घोडे अडते. तेवढ्यासाठी एक यंत्र विंडोजचे ठेवावे, पण रीतसर परवान्याचे. बाकीच्यांवर आधी काहीही न पुसता पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून प्रिंटर ऐकतो का, ते पाहावे. आणि ठसायंत्रे मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यांनी लिनक्सच्या ड्रायव्हरची अट निविदेतच घालावी.