किल्ली कोणाकडे?

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात, हे व्यापारी कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नको. नोकरीच्या सर्व वर्षांत एकट्याच्या किल्लीने उघडणारी तिजोरी मी पाहिली नाही. म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात सिरसाळ्यास गेलो असता पुतण्याने जे सांगितले, ते ऐकून मी काही क्षण गप्पच बसलो.

आमच्या आडत दुकानाचे संकेतस्थळ अकरा वर्षांपूर्वी शहरातील एका गृहस्थांनी तयार करून दिले होते. बिलबुकांवर, थैल्यांवर, पाटीवर त्याचा पत्ता छापलेला. पुढे त्या गृहस्थांनी व्यवसाय बदलला. नावाची नोंदणी त्यांच्या नावे, सर्व्हरचे भाडे त्यांच्या खात्यातून आणि पासवर्डही त्यांच्याकडेच. मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही आणि संकेतस्थळ नाहीसे झाले. पुतण्या म्हणाला, "काका, भावांची यादी गेली त्याचं काही नाही. पण बाबांनी लिहिलेलं सगळं त्यावरच होतं."

माझे थोरले बंधू आता नाहीत. अखेरच्या दोन वर्षांत त्यांनी दुकानाच्या आठवणी लिहून त्या स्थळावर घातल्या होत्या. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. 1948 नंतरही काही काळ बाजारात हाली सिक्का व भारतीय रुपया हे दोन्ही चालत, सात हालीस सहा भारतीय असा हिशेब असे, आणि हाली सिक्का पूर्णपणे रद्द झाला तो 1959 साली. वडिलांनी त्या वर्षांत खतावणीत दोन रकाने कसे आखले, शेतकऱ्यास उचल कोणत्या नाण्यात दिली व फेड कोणत्या नाण्यात घेतली, हे सारे बंधूंनी तपशिलाने लिहिले होते.

पुतण्याची कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात संगणकशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजोबा, पुन्हा उभं करू. पण या वेळी आपल्या नावावर." मी रोखपालासारखा शेजारी खुर्ची टाकून बसलो. पुढील तीन दिवसांत जे पाहिले ते येथे नोंदवीत आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्यांची, ट्रस्टची व वसतिगृहांची संकेतस्थळे अशाच कोणा एकाच्या खिशात असावीत असा माझा अंदाज आहे.

प्रथम नाव घेतले, दुकानाच्याच ईमेलवर व दुकानाच्याच खात्यातून. मग मुंबईतील एक सर्व्हर मासिक भाड्याने घेतला. त्यावर लिनक्सची उबुंटू ही आवृत्ती होती. लिनक्स 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केले. आज जगातील बहुसंख्य वेब सर्व्हर त्यावर चालतात, आणि त्यास परवाना शुल्क नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते व तिची दुरुस्ती पाच वर्षे विनामूल्य मिळते. ही मुदत नातीने वहीत लिहून ठेवली, हे मला फार आवडले.

लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला कोणी अडवीत नाही, म्हणून शहाणी माणसे त्याच्या नावाने कधी काम करीत नाहीत. साधे खाते घेऊन, लागेल त्या एका हुकुमापुरताच 'सुडो' या शब्दाने अधिकार घेतात, आणि कोणी केव्हा घेतला याची नोंद आपोआप होते. आमच्या शाखेत मर्यादेबाहेरच्या रकमेस अधिकाऱ्याची सही लागे, त्याचेच हे रूप.

सर्व्हरवर तीन गोष्टी बसवाव्या लागतात : पाने पाठविणारा अपाची, पाने रचणारी पीएचपी ही भाषा आणि मजकूर साठविणारा मायएसक्यूएल हा माहितीकोश. हे काम निम्म्यावर असताना सिरसाळ्याची वीज गेली. औष्णिक वीज केंद्र आमच्याच परळी तालुक्यात असूनही वीज जाते, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. मुंबईचा सर्व्हर अर्थातच चालू होता. पण आमची जोडणी तुटली व काम अर्धवट राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने 'मागील काम अपुरे आहे, आधी ते पुरे करा' असे बजावले. नातीने ते पुरे केले आणि त्यानंतर 'टीमक्स' या साधनात काम केले. त्यात आपली जोडणी तुटली तरी तिकडचे काम थांबत नाही. ग्रामीण भागातून हे करणाऱ्यांनी तेथूनच आरंभ करावा.

त्यावर जी प्रणाली बसवायची, म्हणजे मजकूर लिहिणे, छायाचित्रे लावणे, पाने बदलणे हे तांत्रिक ज्ञानावाचून करू देणारी, तिची निवड आम्ही वर्डप्रेस केली. मराठीत हे नवे नाही. 1996 पासून चालत आलेली मायबोली, 2004 चे मनोगत, नंतरची मिसळपाव ही मराठी मंडळींची स्थळे ड्रुपल या अशाच प्रणालीवर चालविली गेली. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला, तो मीडियाविकीवर. त्याच महिन्यात, 27 मे रोजी, वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली.

वर्डप्रेसची जन्मकथा आमच्या दुकानाच्या कथेच्या अगदी उलट आहे. मिशेल वाल्द्रिगी यांनी 'बी टू' नावाची प्रणाली लिहिली होती. पुढे त्यांचे तिकडे येणे थांबले व ती निराधार झाली. मात्र तिचा परवाना असा होता की कोणासही ती उचलून पुढे नेता यावी. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती नेली. कर्ता गेला तरी काम राहिले, कारण किल्ली त्याने स्वतःपाशी अडकवून ठेवली नव्हती.

बसविण्याचे काम पाच मिनिटांचे म्हणून प्रसिद्ध आहे व ते खरेही आहे. त्यापूर्वी माहितीकोशात एक स्वतंत्र दालन उघडावे आणि त्यापुरताच अधिकार असलेला स्वतंत्र वापरकर्ता नेमावा; तेथेही रूटचे नाव देऊ नये. त्याचे नाव व पासवर्ड वर्डप्रेसच्या एका फाइलमध्ये लिहावे लागतात, म्हणून ती फाइल सर्वांत जपण्याची.

मला खरी गोडी लागली ती परवानग्यांच्या आकड्यांत. प्रत्येक फाइलीस तीन अंक : पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. वाचण्यास 4, लिहिण्यास 2, चालविण्यास 1, आणि त्यांची बेरीज म्हणजे अधिकार. कप्प्यांस 755 व फाइलींस 644 ही रीत आहे, म्हणजे मालक लिहू शकतो, इतरांनी केवळ वाचावे. काही अडले की उतावळे लोक 777 देऊन मोकळे होतात. अडचण तत्क्षणी दूर होते हे खरे. तिजोरी उघडी टाकल्यावरही किल्ली शोधावी लागत नाहीच. नात एकदा त्याच मोहात पडली होती. मी काही बोललो नाही, फक्त चष्म्यावरून पाहिले. अखेर दोष फाइलीच्या मालकीत निघाला : मालक म्हणून अपाचीऐवजी तिचे स्वतःचे नाव लागले होते.

तिसऱ्या दिवशी पुतण्यास कपाटात एक पेनड्राइव्ह सापडला. त्या गृहस्थांनी कधीकाळी जुन्या माहितीकोशाची नक्कल काढून दिली होती. घरातील सर्वजण संगणकाभोवती जमलो. नक्कल उघडली. इंग्रजी शीर्षके जागेवर, तारखा जागेवर, आकडे जागेवर. आणि मराठी मजकुराच्या ठिकाणी ओळीमागून ओळ केवळ प्रश्नचिन्हे.

कारण नातीने समजावून सांगितले. देवनागरीचे एकेक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये 2018 च्या आठव्या आवृत्तीपूर्वी मूळ योजना युरोपीय लिपीची होती. तीत एका चिन्हास एकच बाइट. नक्कल घेणाऱ्याने ती तशीच राहू दिली असावी. विचित्र युरोपीय अक्षरे दिसली असती तर मजकूर परत मिळविता आला असता, कारण त्यांत मूळ बाइट शिल्लक असतात. प्रश्नचिन्हात काहीच शिल्लक नसते. "आजोबा, हे वाचता येणार नाही," ती म्हणाली व उठून आत गेली.

वडिलांची 1950 सालची खतावणी माळ्यावर आहे. कसर लागली आहे, पण दोन्ही रकाने वाचता येतात.

त्या संध्याकाळी वहिनींनी एक जुने बिलबुक आणून दिले. बंधूंना कोऱ्या पाठीवर कच्चे लिहिण्याची सवय होती. एकंदर चौतीस पाने निघाली, पहिली काही नाहीत, शेवट तर नाहीच. नात आता रोज दोन पाने टंकित करते. नव्या दालनास तिने 'यूटीएफ-8 एमबी-4' ही योजना दिली आहे. रोज रात्री माहितीकोशाची नक्कल निघते, आणि छायाचित्रांच्या कप्प्याचीही, कारण एकीवाचून दुसरी अपुरी. दोन्ही प्रती दुसऱ्या शहरातील यंत्रावर जातात. पासवर्डाची पाकिटे दोन केली. एक पुतण्याकडे व एक माझ्या लॉकरमध्ये.

दर रविवारी ती मला दूरध्वनी करते. आदल्या रात्रीची नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातील कोणतीही एक ओळ वाचून दाखवायची, असा नियम मी घालून दिला आहे. परवाची ओळ होती : सात हालीचे सहा, वरचे आणे शेतकऱ्यास सोडले.