काळाचौकीच्या गिरणीतील शेड कलावंतांना खुल्या करण्याबाबत

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : इंडिया युनायटेड मिल क्र. २-३ येथील शेडचा सांस्कृतिक वापर

महोदय,

काळाचौकीची ही जागा वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी राखून महापालिकेने गिरणगावाचे ऋण मान्य केले, याचे समाधान आहे. मात्र संग्रहालयाचे सगळे टप्पे पुरे होईपर्यंत थांबू नये. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सुरक्षित ठरणाऱ्या शेड नाटक, शाहिरी, नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या तालमींना व प्रयोगांना आत्ताच द्याव्यात, ही आमची मागणी आहे. इमारत बंद ठेवून जपली जात नाही. एका पावसाळ्यात पन्हळ तुंबते, दुसऱ्यात भिंतीच्या सांध्यात पिंपळ रुजतो आणि पुढे तीच इमारत ‘धोकादायक’ म्हणून पाडायला निघते.

आधी वापर, मग नूतनीकरण हा क्रम कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांत पारखला गेला आहे. (मुंबईचे रस्तेही १८६५ पासून अशाच गॅसवर उजळत, लालबागची गॅस कंपनी लेन त्याच धंद्याची.) ॲमस्टरडॅमच्या वेस्टरगासफाब्रिक या गॅस कारखान्यातले उत्पादन १९६७ मध्ये थांबले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या इमारती कलावंतांना तात्पुरत्या वापरासाठी मिळाल्या. भोवतीचे उद्यान खुले झाले ते २००३ मध्ये. कोणत्या इमारतीत काय रुजते, हे मधल्या काळात वापरातूनच उमगले. गॅस साठवण्याची प्रचंड गोल टाकी, आत एकही खांब नसलेली, मैफली आणि महोत्सवांची जागा झाली. अथेन्सच्या गाझी भागातला गॅस कारखाना १९८४ मध्ये बंद पडला; १९९९ पासून तेथे ‘टेक्नोपोलिस’ हे पालिकेचे सांस्कृतिक केंद्र आहे आणि भट्ट्या, धुराडी जागच्या जागी आहेत. गिरण्यांच्या साचेखात्यांचे करवती छपरही असेच मोलाचे. तुटलेला धागा साचेवाल्याला दिसावा म्हणून या छपराच्या उत्तरेकडच्या काचांतून सौम्य, एकसारखा उजेड घेतलेला असे; चित्रप्रदर्शनाला याहून चांगला उजेड कोणता?

जमिनीत रसायने मुरली असतील, ही शंका रास्त आहे आणि माती तपासलीच पाहिजे. पण डांबर आणि सायनाइड मुरलेली गॅस कारखान्याची जमीनही ॲमस्टरडॅमने स्वच्छ मातीच्या थराखाली बंदिस्त करून वापरात आणली. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. ही जागा गिरण्यांच्या जमीनवाटपातून सार्वजनिक वापरासाठी आली आहे. तिचा हिशेब बाजारभावाने मांडणे गैर ठरेल. खरा धोका वेगळाच आहे. जागा गजबजली की भाडे चढते आणि ज्यांनी ती जागवली तेच बाहेर पडतात. म्हणून स्थानिक मंडळांसाठी सवलतीचा दर आणि राखीव तारखा सुरुवातीलाच ठरावात नोंदवाव्यात, आणि व्यवस्थापन समितीवर गिरणी कामगारांचे व कलावंतांचे प्रतिनिधी घ्यावेत. ऑडिटची तारीख लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
काळाचौकी-लालबाग परिसरातील रहिवासी व कलावंत