दुर्लक्षित जीवांची शिकवण

रायपूरमधील ‘तात्यापारा’ हे नाव अर्धे मराठी, अर्धे छत्तीसगढी. या वस्तीपासून काही किलोमीटरवरील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात प्रा. अतनु कुमार पति यांनी अध्यापन व संशोधन केले. कोणाच्या ताटात न येणारा आणि कोणत्याही पिकाला उपद्रव न देणारा बोटभर लांबीचा एक मासा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला.

हा मासा रायपूरपासून सुमारे 300 किलोमीटरवर, बस्तरमधील कांगेर खोऱ्यातील कुटुमसर या चुनखडीच्या गुहेत राहतो. त्याचे कूळ मराठी वाचकास परके नाही. फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये पुण्यातील नमुन्यांवरून ज्या जातीचे वर्णन केले, तिच्याशीच संशोधकांनी त्याचे नाते जोडले. गुहेतील काळोखात त्याचे डोळे लहान झाले आणि अंगाचा रंग फिकटला. ज्याला दिवस-रात्र ठाऊकच नाही, त्याच्या शरीरातील घड्याळ चालू असते काय, हा पति आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न होता. मासा पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट केव्हा घेतो, त्याची हालचाल केव्हा वाढते, याच्या चिकाटीने नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांतून सुमारे 24 तासांचे आवर्तन दिसून आले. सूर्य हरवला, तरी घड्याळ पूर्णपणे थांबले नव्हते.

अशा अभ्यासाचा उपयोग काय, असा प्रश्न अनुदान देणारे नेहमी विचारतात. तो प्रश्न अयोग्य नाही. मात्र तो फार लवकर विचारला जातो. रायपूरच्या याच विद्यापीठात पुढे पाळीत काम करणाऱ्यांच्या आणि कर्करुग्णांच्या विश्रांती-हालचालींच्या आवर्तनांचाही अभ्यास झाला. 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या जैविक घड्याळाच्या संशोधनास मिळाले, त्याचा पाया फळांवर घिरट्या घालणाऱ्या क्षुद्र माशीवर रचलेला होता.

शेतीला हा धडा अधिक महागात पडला आहे. भाताच्या चुडांमध्ये फिरणारा लांडगा कोळी आणि तपकिरी तुडतुड्यांची अंडी फस्त करणारा मिरीड ढेकूण यांच्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष नव्हते. फवारणीने हे मित्रजीव मेले आणि तुडतुडे उलट फोफावले. इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, ती या ‘बिनमहत्त्वाच्या’ जीवांची किंमत कळल्यानंतर. ती आधी कळली असती, तर अनेक हंगाम वाचले असते.

छत्तीसगढ हा भाताचा प्रदेश. रायपूरमध्ये 1987 पासून इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे, तर जवळच्या बारोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. अशा ठिकाणी किडींवर संशोधन होणे स्वाभाविकच. पण किडीच्या शेजारी राहणाऱ्या, ना शत्रू ना मित्र वाटणाऱ्या प्राण्यांना ओळखणारा शिक्षकही तितकाच आवश्यक आहे. प्राण्यांची ओळख पटविण्याची विद्या पुस्तकातून पूर्णपणे येत नाही. ती भिंगाखाली, बांधावर, गुरूच्या शेजारी बसून शिकावी लागते. असा शिक्षक निवृत्त होताना त्याच्या हाताखाली कोणी तयार झालेला नसेल, तर रिकाम्या जागेबरोबर ती नजरही जाते.

म्हणून प्रत्येक कृषी महाविद्यालयाने प्राणी-ओळखीचे किमान एक पद कायम राखावे. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक संपूर्ण हंगाम एकाच बांधावरील सर्व जीवांची नोंदवही ठेवावी आणि तिला गुण असावेत. यास मोठा खर्च लागत नाही. वेळ मात्र लागतो. आणि ज्याचे मोल अद्याप ठरलेले नाही, त्याच्याकडे पाहत राहण्याची सवय लागते. कुटुमसरच्या माशाने रायपूरच्या अभ्यासकांकडून तेवढेच मागितले होते.