‘बीज चांगलं नाही’ म्हणजे काय?



‘बीज चांगलं नाही.’ गारखेड्यातल्या आमच्या बैठकांत हे वाक्य अलीकडे वारंवार कानावर येतंय. कुणी पुंडलिकनगरहून येते, कुणी शिवाजीनगरहून, कुणी वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून. आधी सासू-नणंदांचं बोलून होतं, आणि मग पिशवीतून फाईल निघते. सोनोग्राफीचे फोटो, इंजेक्शनांच्या पावत्या आणि कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेलं ‘पीसीओडी’. त्याचा अर्थ बाईला एवढाच सांगितलेला असतो की गाठी आहेत, बीज खराब आहे. या एका वाक्यावर लाख-दीड लाखाचा खर्च ठरतो, दागिने मोडले जातात, आणि घरात दुसऱ्या लग्नाचा विषयही निघतो. म्हणून हे वाक्य जरा उलटसुलट करून पाहायचं ठरवलं.

मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली बीज आणि भूमी या प्रतीकावर एक निबंध लिहिला. पुरुष बीज देतो, बाई जमीन. पीक मात्र बीजवाल्याचं, हा विचार आपल्या समाजात किती खोल रुजलाय आणि बाईचा मुलांवरचा हक्क त्याने कसा नाकारला जातो, हे त्यांनी दाखवलं. आता विज्ञानाने सांगितलं की बीज बाईचंही असतं. खरं तर ही हक्काची गोष्ट व्हायला हवी होती. घराघरांत झालं ते इतकंच की पूर्वी जमीन नापीक म्हणायचे, आता बीजही खराब म्हणतात.

आधी आजार समजून घेऊ. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी काही बायकांचं वर्णन केलं. त्यांची पाळी अनियमित होती, काहींच्या चेहऱ्यावर केस होते आणि बीजकोश मोठे झालेले होते. सोनोग्राफीत दिसतात त्या ‘गाठी’ मुळात गाठी नव्हेतच. बीज ज्यात वाढतं त्या बारीक पिशव्या वाढता वाढता मध्येच थांबलेल्या असतात. दर महिन्याला त्यातली एक पुढे जाऊन फुटायला हवी, ती फुटत नाही, म्हणून पाळी लांबते. त्या कापून काढण्याची गोष्ट नाही आणि कॅन्सरच्या गाठींशी त्यांचा संबंध नाही. बाळंतपणाच्या वयातल्या दहा बायकांपैकी सुमारे एकीला हा त्रास असतो, आणि पुष्कळजणींना तो आहे हेच माहीत नसतं. निदान करायचं तर तीन गोष्टी पाहतात: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफी. यांपैकी किमान दोन लागतात, आणि थायरॉइडसारखी इतर कारणं आधी वगळावी लागतात. नुसत्या सोनोग्राफीच्या फोटोवर ‘तुम्हाला पीसीओडी’ असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच निदान आहे.

आता दर्जाचं. बीजाचा दर्जा सोनोग्राफीत दिसत नाही. एएमएच नावाची रक्ततपासणी हल्ली सर्रास करायला सांगतात. तिच्यावरून शिल्लक बीजांच्या संख्येचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. पीसीओएसमध्ये हा आकडा उलट जास्तच असतो. दर्जा मुख्यतः ठरतो तो वयाने. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार झालेली असतात, जन्मतेवेळी दहा ते वीस लाख. ती बाईबरोबरच म्हातारी होतात, आणि पस्तिशीनंतर त्यांत गुणसूत्रांचे दोष वाढतात. पीसीओएसमधल्या हार्मोन आणि इन्सुलिनच्या बिघाडाचा बीज पक्व होण्यावर काही परिणाम होतो का, यावर संशोधन चालू आहे. कच्ची बीजं जास्त निघतात असं काही अभ्यासांत दिसलंय. पण एकूण बीजंच जास्त मिळत असल्याने टेस्ट ट्यूबच्या उपचारांत या बायकांना मूल होण्याचं प्रमाण साधारण इतरांच्या तोडीचं राहतं. तेव्हा चोवीस वर्षांच्या, पाळी लांबणाऱ्या मुलीला कुणी ‘बीज खराब’ म्हणत असेल, तर ‘हे कशावरून सांगता?’ असं विचारायला हवं. तिच्या बाबतीत बहुधा बीज खराब नसतं, ते वेळेवर बाहेर पडत नसतं. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि खर्चातही. बीजाचा दर्जा सुधारेल म्हणून महिनोन्‌महिने विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांना फारसा ठोस आधार नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

बीज बाहेर पडायला लावणारी साधी गोळी आहे, लेट्रोझोल. २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी घातली होती, ती पुढे उठली. २०१४ मध्ये अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या क्लोमिफेनवर १९ टक्के, तर लेट्रोझोलवर २७ टक्क्यांहून अधिक बायकांना मूल झालं. आज जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत हीच पहिली गोळी आहे. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही काहींची पाळी सुरळीत होते (बारीक बायकांनाही हा आजार असतो, तेव्हा प्रत्येकीला ‘वजन कमी कर’ हे एकच उत्तर नको). गोळ्यांनी भागलं नाही तर इंजेक्शनं किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि टेस्ट ट्यूब त्याही नंतर. नळ्या बंद असल्या किंवा पुरुषात मोठा दोष असला तर गोष्ट वेगळी. पण तो दोष आहे की नाही हे कळायला नवऱ्याची वीर्यतपासणी झालेली असावी लागते. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत बिनत्रासाची हीच तपासणी, आणि आमच्याकडे येणाऱ्या फायलींत बऱ्याचदा तीच नसते. बाईच्या तीन-तीन सोनोग्राफ्या झालेल्या असतात.

टेस्ट ट्यूबमध्ये पीसीओएसच्या बाईला एक धोका जास्त असतो. इंजेक्शनांनी बीजकोश जास्तच फुगतो, पोटात पाणी साचतं, श्वास लागतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. क्वचित जीवही जातो. औषधांची निवड बदलून आणि गर्भ लगेच न सोडता गोठवून ठेवून हा धोका पुष्कळ कमी करता येतो. त्या दवाखान्यात हे करतात का, हे आधी विचारावं. आणि ‘दुसरीचं बीज घेऊ’ असं सुचवलं जाईल तेव्हा ती दुसरी कोण, हाही प्रश्न आपलाच आहे. २०१० साली मुंबईत बीज दिल्यानंतर एका मुलीचा मृत्यू झाला. ती १७ वर्षांची होती, भंगाराच्या कामावर जायची. २०२१ च्या कायद्याने आता देणारीचं वय २३ ते ३५ ठरवलंय, आयुष्यात एकदाच देता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची २०१९ मध्ये पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. तिथे पाळी कामाच्या आड येते म्हणून पिशवी नको, इथे वारस हवा म्हणून बीज हवं. दोन्हीकडे बाईचा त्रास, तिची प्रकृती यांची विचारपूस कुणी करत नाही. पीसीओएसची मुलगी सोळाव्या वर्षी पाळी येत नाही म्हणून दवाखान्यात गेली की ‘लग्नानंतर आपोआप बरं होईल’ असं सांगून परत पाठवतात. तिला पुढे मधुमेहाचा धोका आहे, महिनोन्‌महिने पाळी न आल्याने गर्भाशयाच्या अस्तराला धोका आहे, हे तिला कुणी सांगत नाही. मूल होवो न होवो, लग्न होवो न होवो, हा आजार तिच्याबरोबर राहणार आहे.

आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. गोव्यात मात्र २०२३ मध्ये गोमेकॉत टेस्ट ट्यूबचे उपचार सरकारने मोफत सुरू केले. घाटीसारख्या रुग्णालयांत पीसीओएसच्या मुलींची साखर, रक्तदाब, पाळी यांची नियमित तपासणी आणि वंध्यत्वाचे मोफत उपचार ही मागणी घेऊन आपण जायला हवं. मूल हवं असणाऱ्या बाईचा प्रश्न चळवळीने फारसा आपला मानला नाही, असं आम्हांला वाटतं. नको असलेल्या बाळंतपणांवर आपण जास्त बोललो, आणि तेही खरंच होतं.

तोवर एवढं हाताशी ठेवा. २०२१ च्या कायद्याप्रमाणे टेस्ट ट्यूबच्या प्रत्येक केंद्राची नोंदणी असावी लागते. यश येण्याची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि धोके बाईला समजावून सांगणं, लेखी संमती घेणं आणि तक्रारींसाठी कक्ष ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे. संमतीचा कागद इंग्रजीत असेल तर मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत मागा, घरी आणा, बैठकीत वाचून घ्या, आणि मग सही करा. बैठकीला येताना फाईल आणा, नवऱ्याचा रिपोर्टही आणा.