कुझ्नेत्सोव्ह ब्युरोची इंजिने : मालकी कोणाची?

दाबोळीच्या धावपट्टीवर १९८८ साली भारतीय नौदलाची टीयू-१४२ ही टेहळणी विमाने उतरली. चार वर्षांनी ती तमिळनाडूतील अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. त्यांची एनके-१२ इंजिने व्होल्गाकाठच्या समारा, म्हणजे तेव्हाच्या कुइबिशेव्ह, शहरालगतच्या एका डिझाइन ब्युरोत जन्मली होती. या ब्युरोचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. सार्वजनिक मालकीचे सामर्थ्य आणि तिची विटंबना ही दोन्ही त्यात एकाच छपराखाली नांदताना दिसतात.

प्रारंभच सक्तीचा होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये युंकर्स व बीएमडब्ल्यू या जर्मन कंपन्यांचे शेकडो तंत्रज्ञ कुटुंबांसह आगगाडीत बसवून येथे आणण्यात आले. त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती. १९४९ मध्ये निकोलाय कुझ्नेत्सोव्ह प्रमुख झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली फर्डिनांड ब्रँडनर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या गटाने आणि सोव्हिएत सहकाऱ्यांनी १२,००० अश्वशक्तीचे टर्बोप्रॉप इंजिन सिद्ध केले. जित आणि जेते एकाच फळ्यापुढे उभे राहून काम करीत होते. विज्ञानाला राष्ट्रीयत्व नसते असे म्हणतात; वैज्ञानिकाला मात्र असते, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही मंडळी मायदेशी परतली. पुढे याच ब्युरोने आयएल-६२ आणि टीयू-१५४ या प्रवासी विमानांना इंजिने दिली, आणि एनके-१२ ची जमिनीवरील आवृत्ती नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांवरील कंप्रेसर केंद्रांत राबू लागली. युद्धासाठी घडवलेले यंत्र घरोघरीच्या चुलीसाठी कामी आले, ही नियोजनाची खरी कमाई होय.

परंतु ब्युरोची कसोटी लागली ती चंद्रमोहिमेत. रॉकेटचे शिल्पकार कोरोल्योव्ह आणि इंजिनांचे नामवंत रचनाकार ग्लुश्को यांचे इंधनाच्या निवडीवरून बिनसले. कोरोल्योव्हना केरोसीन व द्रवरूप ऑक्सिजन हवा होता, ग्लुश्को विषारी इंधनांचा आग्रह सोडीनात. अखेर काम आले कुझ्नेत्सोव्हकडे, ज्यांनी तोवर विमानांचीच इंजिने केली होती. एन-१ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात एनके-१५ ची ३० इंजिने होती. ही इंजिने एकदा पेटवली की पुन्हा वापरता येत नसत. म्हणून सहांच्या तुकडीतील दोन चाचणीत जाळायची आणि उरलेली चार विश्वासावर बसवायची, अशी रीत पडली. ३० इंजिने एकत्र पेटवून पाहण्यासाठी चाचणी-मंच हवा होता. तो बांधलाच गेला नाही. पैसा आणि वेळ वाचवायचा होता! १९६९ ते १९७२ या काळात चार उड्डाणे झाली आणि चारही फसली. ३ जुलै १९६९ ला तर रॉकेट प्रक्षेपणमंचावरच कोसळले आणि मंच उद्ध्वस्त झाला. एका मंचाची काटकसर किती महागात पडली याचा हिशेब कोणत्या पंचवार्षिक योजनेत मांडला गेला?

तोवर कुझ्नेत्सोव्हच्या माणसांनी पुन्हा पुन्हा चाचणी घेता येईल असे एनके-३३ हे सुधारित इंजिन तयार केले होते. पण १९७४ मध्ये ग्लुश्कोंच्या हाती सूत्रे आली आणि एन-१ चे काम थांबले. इंजिने नष्ट करण्याचा आदेश निघाला. कुझ्नेत्सोव्हनी तो पाळला नाही. डझनावारी इंजिने गोदामात जपून ठेवली. कागदोपत्री ती इंजिने जनतेची होती. जनतेला मात्र त्यांच्या अस्तित्वाचीही वार्ता नव्हती. जिला आपली मालमत्ता ठाऊकच नाही, तिला मालक म्हणणे ही थट्टा झाली.

१९९१ नंतर दुसरा अंक सुरू झाला. आता मंत्रालयाऐवजी बाजार आला. १९९० च्या दशकात एरोजेट या अमेरिकी कंपनीने सुमारे तीन डझन इंजिने प्रत्येकी ११ लाख डॉलर या दराने खरेदी केली. ऑक्सिजनचे प्रमाण अधिक असलेल्या तप्त वायूवर पंप चालवणे व्यवहार्य नाही अशी अमेरिकी तंत्रज्ञांची समजूत होती. समाराच्या धातुतज्ज्ञांनी ती कधीच खोटी ठरवली होती. एवढे ज्ञान अडगळीच्या भावात गेले. कुझ्नेत्सोव्ह १९९५ मध्ये वारले. नव्या नावाने ही इंजिने अँटारेस रॉकेटवर चढली. पैकी एक रॉकेट २८ ऑक्टोबर २०१४ ला उड्डाणानंतर काही सेकंदांतच स्फोट होऊन कोसळले, आणि चौकशीत बोट इंजिनाच्या ऑक्सिजन पंपाकडे दाखवले गेले. चाळीस वर्षे जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून वापरणे, हाही काटकसरीचाच प्रकार होता, फक्त भांडवलदारी.

खुद्द रशियाने हे इंजिन डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या सोयुझ-२.१व्ही रॉकेटवर प्रथम उडवले. भारतातही याच प्रश्नाचे एक पान उघडे आहे. १९८९ मध्ये मंजूर झालेल्या कावेरी इंजिनाची हवेतील चाचणी २०१० मध्ये झाली, ती मॉस्कोजवळ, एका रशियन विमानाच्या पंखाखाली.