गर्दीच्या वेळी नेट का अडतं? दापोऱ्यापासून यूपीआयपर्यंत एकच हिशेब

बुरहाणपूर जिल्ह्यातलं दापोरा काय किंवा सीमेपलीकडचं रावेर काय, नेटवरची गर्दी दिवसभर सारखी नसते. केळीचा भाव फुटला, बारावीचा निकाल लागला, लाडली बहनाचा हप्ता पडला (महाराष्ट्रात लाडकी बहीण, एवढाच फरक) की सगळे मोबाईल एकदमच उघडतात. मग स्क्रीनवर चाक फिरत राहतं आणि पहिला राग केबलवाल्यावर निघतो. तार तुटलेली असेलच असं नाही. कधीकधी अडवणूक पोर्टवर असते, आणि ती मुद्दाम लावलेली असते.

पोर्ट म्हणजे स्विच किंवा राउटरमध्ये वायर जिथं खोचतात ते तोंड. 2011 साली मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हटल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत 100 एमबीपीएस नेण्याचं ठरलं. एवढ्याच लाईनवर अनेक घरं जोडली आणि दोघांनी मोठे सिनेमे उतरवायला घेतले, तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून प्रत्येक पोर्टला वेगाची मर्यादा घालतात. यालाच रेट लिमिट म्हणतात.

गंमत अशी की 100 चं पोर्ट 20 वर हळू चालतच नाही. ते एकतर पूर्ण वेगानं पाठवतं, नाहीतर थांबतं. 20 ही सरासरी असते. ती राखायला टोकनचा हिशेब ठेवतात: डब्यात दर सेकंदाला 20 मेगाबिटची टोकनं पडत राहतात, आणि जेवढा डेटा जाईल तेवढी खर्च होतात. वापर नसला की डबा भरतो. भरला की वरची टोकनं वाया. समजा डबा एक मेगाबाईटचा आहे. तो भरलेला असताना पेमेंटचा काही केबीचा निरोप विनाअडथळा निघून जातो. सिनेमा मात्र सेकंदाच्या दहाव्या भागात डबा रिकामा करतो आणि मग 20 च्या चालीनं जातो.

खरी चूक होते ती डबा फार लहान ठेवल्यावर. टोकन नसलं की काही यंत्रं डेटा रांगेत थांबवतात, काही सरळ टाकून देतात. टाकलेला डेटा पुन्हा पाठवावा लागतो, समोरचं मशीन बिचकून वेग आणखी कमी करतं, आणि 20 चे पैसे भरणाऱ्याला प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं.

पण मर्यादाच नसली तर काय होतं, ते 12 एप्रिल 2025 ला देशानं पाहिलं. यूपीआय काही तास कोलमडलं. व्यवहार झाला की नाही, हे विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून पूर आला होता आणि तो वेळीच अडवला गेला नाही. त्यानंतर 1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपवर दिवसाला 50 वेळाच बॅलन्स बघता येतो, आणि अडकलेल्या व्यवहाराची चौकशी 90 सेकंदांच्या अंतरानं तीनदाच होते. हा लगाम पोर्टवर नसून विनंत्यांवर आहे, पण तत्त्व तेच.

तेव्हा भांडण मर्यादेशी नाही, लपवालपवीशी आहे. ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहील हे ग्राहकाला कळवा, असं ट्रायनं कंपन्यांना 2016 मध्येच बजावलंय. एका लाईनवर किती घरं वाटून घेतायत, हे मात्र गावातल्या ग्राहकाला सहसा कुणी सांगत नाही. ते थोडंफार घरीच कळू शकतं. लॅपटॉपला वायर लावून पहाटे एकदा आणि रात्री आठला एकदा स्पीड टेस्ट करायची. दोन्ही वेळा आकडा प्लॅनच्या जवळ अडला, तर ती पोर्टवरची मर्यादा. पहाटे पूर्ण आणि रात्री निम्मा आला, तर बहुधा लाईनच वाजवीपेक्षा जास्त घरांना विकलेली आहे, आणि तक्रार त्याची करायची.