दोष भाषेचा की न वाचणाऱ्यांचा?

जपानमधील तातेनो वेधशाळेच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून सुमारे ९ किलोमीटर उंचीवरील प्रचंड पश्चिमी वाऱ्यांची, म्हणजे आजच्या जेट प्रवाहांची, नोंद केली व १९२६ मध्ये ती एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केली. जगाने ती वाचली नाही, आणि दोष भाषेच्या माथी मारला गेला. हे सोयीचे आहे, पण अपुरे. नोव्हेंबर १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी विमानांची नेमबाजी याच वाऱ्यांनी उधळली. याच वाऱ्यांवर जपानने बाँब बांधलेले हजारो फुगे अमेरिकेकडे सोडले. गरज भासताच वारे सर्वांना उमगले! त्यांच्या नागमोडी वळणांवर वादळांची वाट आणि थंडीच्या लाटा ठरतात. शेतकऱ्याच्या आधी ते ज्ञान बाँबफेकीच्या हिशेबात शिरले, याला एस्पेरांतो कशी जबाबदार?